मोठ्या इमारतींचे वीज-पाण्याचे नियम : सभासदांसाठी काही माहिती

आपल्या सभासदांपैकी बरेच जण आज कोठे गृहनिर्माण संस्थेचे, कोठे शाळेचे, तर कोठे वसतिगृहाचे काम पाहत आहेत. इमारत उभी करावयाची म्हटली की वर्गणी, नकाशा, ठेकेदार येथपर्यंत सर्वांचे लक्ष असते. वीज-पाण्याच्या नियमांचा विषय निघाला, की ‘ते आर्किटेक्टसाहेब बघतील’ असे म्हणून कागद पुढे सरकवला जातो. हे नियम काय आहेत आणि ते पाळणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम विजेविषयी. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली संमत झाला. त्याच्या आधारे इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता २००७ मध्ये आली व २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. ज्या इमारतीचा कनेक्टेड लोड १०० किलोवॅट किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड १२० केव्हीए आहे, तिला ही संहिता लागते. कनेक्टेड लोड म्हणजे दिवे, पंखे, पंप, लिफ्ट या सर्वांच्या वॅटची बेरीज, तर कॉन्ट्रॅक्ट डिमांड म्हणजे वीज कंपनीशी करार करून ठरविलेली कमाल मागणी. साध्या वसतिगृहाचा भार सहसा तेथवर जात नाही. पण न्हाणीघरांत तीन-तीन किलोवॅटचे वीस गीझर बसविले, की साठ किलोवॅट तेथेच झाले. त्याऐवजी गच्चीवर सौर बंब घेतले तर हा भार बराच उतरतो. आधी ही संहिता व्यापारी इमारतींपुरती होती. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही तिच्या कक्षेत आल्या आणि भाराची मर्यादा याहून कमी ठरविण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. आपल्या राज्यात या कामाची नियुक्त संस्था महाऊर्जा ही आहे.

संहितेचा मुख्य रोख नव्या बांधकामावर, म्हणजे भिंत, छप्पर, खिडकीची काच, दिवे, पंप यांच्या निवडीवर आहे. जुन्या इमारतीचे मोजमाप मात्र कोणालाही करता येते. वर्षभराच्या बिलांतील युनिटांची बेरीज करून तिला बांधकामाच्या चौरस मीटरने भागावे. साठ हजार युनिट आणि दोन हजार चौरस मीटर असतील, तर उत्तर तीस. हा आकडा दरवर्षी काढून ठेवला, तर इमारत सुधारते आहे की बिघडते आहे ते कळते. विद्यार्थ्यांनी हे गणित आपापल्या इमारतीचे करून पाहावे.

आता पाणी. राष्ट्रीय इमारत संहिता वसतिगृहासाठी माणशी रोज १३५ लिटर धरते. दोनशे मुलांना २७ हजार लिटर झाले. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्य जलसंचयाची सोय सक्तीची आहे. ती केली नाही किंवा केलेली चालू ठेवली नाही, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार बसू शकतो. ‘चालू ठेवली नाही’ हे शब्द आपण विसरतो.

माझ्या माहितीतील एका वसतिगृहात खड्डा खणला, विटा-वाळू भरली, दाखलाही मिळाला. दोन पावसाळे गेल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले, की गच्चीचा नळ त्या खड्ड्याला जोडलेलाच नाही. पाणी सरळ गटारात जात होते. नळ जोडून घेतला, आणि मग समितीत हिशोब निघाला. ५०० चौरस मीटरची गच्ची, ७०० मिलिमीटर पाऊस, त्यातील आठ-दहांश हाती लागला तर २ लाख ८० हजार लिटर. म्हणजे मुलांच्या जेमतेम दहा दिवसांचे पाणी. एवढ्यासाठी एवढा खटाटोप का, असे काहींनी विचारले. भूजलाला तेवढाच आधार हे खरे, परंतु वर्षाची टंचाई त्याने मिटत नाही, हेही तितकेच खरे.

मग पाणी जाते कोठे? विज्ञान शाखेच्या दोन मुलांनी एक साधा प्रयोग केला. रात्री अकराला पंप बंद करून गच्चीवरील टाकीत काठी बुडवून खूण केली. पहाटे साडेचारला पुन्हा केली. टाकी आतून तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद. पातळी अकरा सेंटीमीटर उतरलेली, म्हणजे साडेपाच तासांत ६६० लिटर. मिनिटाला दोन लिटर. रात्री उठणाऱ्या मुलांनी वापरलेले थोडे वगळले, तरी तिसऱ्या मजल्यावरील दोन संडासांच्या फ्लशच्या टाक्या अखंड वाहत होत्या, हे त्याचे कारण सापडले. नुसती एक टाकी मिनिटाला लिटरभर वाहिली, तरी दिवसाला १,४४० आणि वर्षाला सव्वापाच लाख लिटर होतात. गच्ची जेवढे पाणी देते त्याच्या जवळजवळ दुप्पट एक फ्लश गिळतो! शिवाय हे सारे पाणी पंपाने वर चढवलेले, म्हणजे वीजही त्यातच गेली.

बॉलकॉक व वॉशर बदलले. पुढच्या रात्रीच्या काठीवर उतार दीड सेंटीमीटरचा होता. आता पंपाच्या खोलीत एक वही टांगलेली आहे. दर रविवारी पाण्याचे व विजेचे मीटर वाचून आकडा त्यात लिहिला जातो, आणि पाळी चुकवणाऱ्याचे नावही.