चुंबळीपासून टोपलीपर्यंत

डोक्यावर घागर घेण्यापूर्वी जुन्या कापडाला पीळ देऊन त्याचे वेटोळे करावयाचे, ही चुंबळ आपल्या आज्या-पणज्यांच्या रोजच्या वापरातली. त्या वेटोळ्यास लागून दुसरे वेटोळे शिवले, मग तिसरे, की टोपली आकाराला येऊ लागते. कापडी टोपलीचे सारे शास्त्र एवढेच. ते डोक्याला क्षणात कळते. हाताला कळावयास काही महिने लागतात.

आपल्याकडील बुरूड बांबूच्या टोपल्या विणतात. तेथे उभ्या पट्ट्या आधी मांडल्या जातात व आडव्या त्यांतून खालीवर जातात. म्हणजे आकाराचा सांगाडा आरंभीच ठरतो. वेटोळ्याच्या टोपलीला असा सांगाडा नसतो. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या भरवशावर उभा राहतो. बिहारमधील मिथिला भागातील स्त्रिया सिक्की नावाच्या सोनेरी गवताच्या टोपल्या ‘टकुआ’ नावाच्या टोचणीने याच रीतीने करतात. आपण गवताऐवजी सुती दोर आणि त्यावर गुंडाळलेली कापडाची पट्टी घेतो.

आमच्या थोरल्या जाऊबाई साठी ओलांडल्यावर हे काम शिकल्या. शिकविणारे कोणी नव्हते. जुन्या चादरी, कपडे वाळत घालण्याचा दोर आणि एक दाभण, एवढ्या भांडवलावर आरंभ झाला. पहिला दोर नायलॉनचा होता. त्यावरून कापड सारखे घसरे. सुती दोर आणल्यावर कापडाने पकड घेतली. दोराचे टोक सरळ कापले की टोपलीच्या मध्यभागी गाठ आल्यासारखा उंचवटा राहतो. तिरपे कापून निमुळते केले की तो नाहीसा होतो. चादर कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडली, तर पट्टी धाग्याच्या रेषेत सरळ निघते. पट्टीचे पाच वेढे नुसत्या दोराभोवती घ्यावेत आणि सहाव्यात लगतचा फेराही कवेत घ्यावा, हा क्रम त्यांना चार-दोन वेळा उसवल्यावर सापडला.

खरी परीक्षा ताणाची. दोर ओढून धरला, तर तळ आपोआप वाटीसारखा वर उचलला जातो. सैल सोडला, तर भाजलेल्या पापडासारखा वाकडातिकडा होतो. जाऊबाईंच्या पहिल्या दोन तळांच्या वाट्या झाल्या, तिसऱ्याचा पापड. चौथा टेबलावर सपाट बसला.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. कापड गुंडाळल्यावर दोराची जाडी 8 मिलिमीटर होत असेल, तर प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा सुमारे 5 सेंटिमीटर लांब असावाच लागतो, मग तो दुसरा असो की बारावा. सरळव्याजासारखी ही वाढ. ती कमी पडली की वाटी, जास्त झाली की पापड. 20 सेंटिमीटर व्यासाच्या तळाला सुमारे 4 मीटर दोर लागतो आणि 10 सेंटिमीटर उंचीच्या सरळ भिंतीला सुमारे 8. हे गणित मी जाऊबाईंना ऐकविले, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुझं बरोबर असेल गं, पण बोटांना आकडे कुठे कळतात?” पुढचा फेरा शेजारी न ठेवता आधीच्या फेऱ्याच्या डोक्यावर चढवून भिंत उभी करण्याचे कामही त्यांनी मोजपट्टी न घेताच साधले.

या कामाचा मोठा गुण असा, की ते उसवता येते. दोर तोच, पट्टी तीच, पुन्हा बसावे. न उलटणारी गोष्ट एकच, कापड फाडणे. म्हणून शिकू इच्छिणाऱ्या भगिनींनी जुनेरापासूनच आरंभ करावा. जाऊबाईंच्या मनात एक लुगडे होते. परंतु हात बसेपर्यंत त्यांनी ते कपाटातून बाहेर काढले नाही.

ते त्यांच्या आईचे इरकली लुगडे. भावंडे चार, लुगडे एक. ठेवींचे वाटे कागदावर पडतात. लुगड्याचा वाटा कसा पाडावा? नोकरीत वारसांची प्रकरणे मी पुष्कळ पाहिली. रकमेवरून जितका वाद होत नाही, तितका अशा एखाद्या वस्तूवरून होतो. चौघांना चार टोपल्या द्याव्यात, असे जाऊबाईंनी सुचविले. थोरल्या बहिणीला, अक्कांना, ते मुळीच रुचले नाही. “आईचं लुगडं फाडायला तुझा हात धजतो तरी कसा?” अक्कांचे म्हणणे मला गैर वाटत नाही. घडीतल्या लुगड्याला आईचा वास असतो. मात्र घडीवर विरून गेलेली लुगडीही मी पाहिली आहेत.

शेवटी लुगड्याचे चार भाग झाले. इरकलीचे अंग सुती, ते सरळ फाटते. काठाला मात्र कात्री लागते. काठाची पट्टी जाऊबाईंनी शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी राखली, त्यामुळे लुगड्याचा काठ टोपलीच्या काठाला आला. एकेका टोपलीला आठ-दहा संध्याकाळ लागल्या. अशा तीन झाल्या. चौथा भाग, पदरासकट, न फाडता अक्कांकडे गेला.

यंदा दिवाळीत अक्का आल्या होत्या. टोपली हातात घेऊन तिचा काठ त्या बराच वेळ चाचपत राहिल्या, आणि मग एवढेच विचारले, “याला दोर किती लागतो गं?”