नसल्यास, विलंबाची कारणे काय?

*आमदाराकडे आपण कामं घेऊन जातो, प्रश्न घेऊन जात नाही. विधिमंडळात प्रश्न कसा छापला जातो हे एकदा नीट पाहिलं, तर निवेदनात काय लिहायचं तेही उमगेल.*

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नांची छापील यादी कधी हातात घेऊन वाचली आहे? भाषा आजोबांच्या काळातली वाटावी अशी. वर प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांची नावं. खाली, सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय. मग आकडे घालून ओळी : अमुक तालुक्यातील पाणीपुरवठा योजनेचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरंही ठरलेल्या साच्यातली. ‘हे खरे आहे.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ आणि सगळ्यांत मजेशीर उत्तर, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

वाचताना हसू येतं खरं, पण या ओळींची बांधणी वकिलाच्या उलटतपासणीसारखी पक्की आहे. पहिली ओळ वस्तुस्थिती कबूल करून घेते. दुसरी विचारते, तुम्ही पाहिलंत का? तिसरी म्हणते, पाहिलंत तर केलंत काय? आणि चौथी पळवाट बंद करते : केलं नसेल, तर का नाही? सामान्य नागरिकाला सरकारी कचेरीत मिळत नाही ते नेमकं हे ‘का’चं उत्तर.

साहेबांच्या दारात

तालुक्याच्या गावातलं आमदारांचं जनसंपर्क कार्यालय, सोमवारची सकाळ. प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या, उरलेले लोक व्हरांड्यात. स्वीय सहायकाच्या टेबलावर लेटरहेडचा गठ्ठा. कुणाला सुनेच्या बदलीसाठी शिफारसपत्र हवंय, कुणाला मुंबईच्या रुग्णालयात खाट, कुणी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलंय. कोपऱ्यात चार शेतकरी : ‘साहेब, आठ दिवस झाले, डीपी जळालाय.’ साहेब फोन लावतात, अभियंत्याला दोन शब्द सुनावतात. चौघं खूश होऊन निघतात.

यात चूक कुणाचीच नाही. गहू करपायला लागल्यावर धोरण कुणाला सुचणार? पण या सगळ्या गर्दीत आपण कायदे करणाऱ्या माणसाला भेटायला आलो आहोत, हे कुणाच्या ध्यानात नसतं. बऱ्याचदा साहेबांच्याही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी तीन लाख नव्वद हजार माणसं. इतक्यांची कामं फोनवरून करायची म्हटली, तर पाच वर्षांत फोनच होतील.

तोच डीपी सभागृहात नेला की त्याचं नाव होतं रोहित्र, आणि प्रश्न होतो असा : गेल्या रब्बी हंगामात तालुक्यात किती रोहित्रे जळाली, ती बदलायला सरासरी किती दिवस लागले, वीज नियामक आयोगाने ठरवून दिलेल्या मुदतीत किती बदलली, आणि उरलेल्यांच्या विलंबाची कारणे काय? फोनने एक डीपी बदलतो. या प्रश्नाला मंत्र्याला कागदावर उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर शेजारच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यालाही वापरता येतं.

पन्नास माणसांचा मुखत्यार

प्रतिनिधी म्हणजे काय, याचा विचार या मातीत निवडणुका येण्याआधीच झाला होता. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचं तर एक अट होती : निदान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं. ‘आमच्या वतीने हा बोलेल’ असं लिहून त्यांनी सह्या करायच्या. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि पुढे न्यायमूर्ती रानडे यांची ही सभा. पंचाण्णव सभासद सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने बसले होते. मतपेटी नव्हती, पण कुणाच्या वतीने बोलतोय हे प्रत्येकाला नावानिशी ठाऊक होतं.

त्या सभेला सरकारकडे अर्ज करता येत होते, प्रश्न मात्र विचारता येत नव्हते. कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने दिली, तीही अर्धवट. उत्तर मिळालं की गप्प बसायचं, उपप्रश्न नाही. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले, ते याच मर्यादेत. उपप्रश्नाची परवानगी १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत आली, पण मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. आज सभागृहात हात वर करून ‘अध्यक्ष महोदय, माझा उपप्रश्न आहे’ म्हणणाऱ्या सदस्याच्या मागे इतका इतिहास उभा आहे.

माहिती मिळते, ‘का’ मिळत नाही

कुणी म्हणेल, माहितीचा अधिकार असताना आमदार कशाला हवा? दहा रुपयांत अर्ज करू, तीस दिवसांत उत्तर घेऊ. जरूर करावा. पण त्या अर्जात कार्यालयाच्या दप्तरी आहे तेवढंच मागता येतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केलं, की ‘का केलं’ वा ‘का केलं नाही’ या प्रश्नांची उत्तरं कायद्यातल्या ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाहीत. फाइलीत कारण लिहिलेलं असेल तर त्याची प्रत मिळेल. नसेल, तर कारण सांगायला जनमाहिती अधिकारी बांधील नाही.

त्याच कायद्यात, वैयक्तिक माहितीच्या कलमाला जोडून, एक वाक्य होतं. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशा अर्थाचं. नागरिकाला आमदाराच्या शेजारी बसवणारं हे वाक्य. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने ते कलम बदललं, तेव्हा हे वाक्यही गळलं. त्यामुळे नागरिकाला जे विचारता येत नाही ते सभागृहात विचारणारा माणूस आता पूर्वीपेक्षा जास्तच गरजेचा झाला आहे.

प्रश्नाला किंमत असते

एका प्रश्नाने काय होतं? सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत राम सुभग सिंग यांनी विचारलं, की विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणातून नुकत्याच उभ्या राहिलेल्या आयुर्विमा महामंडळाचा पैसा एका खासगी उद्योगपतीच्या कंपन्यांत गुंतवला आहे काय. सरकारचं उत्तर गुळमुळीत होतं. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी उभे राहिले आणि हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सव्वा कोटींचा हिशेब मागितला. सत्ताधारी पक्षाचेच खासदार, पंतप्रधानांचे जावई. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे आली; ती त्यांनी लोकांसमोर, खुल्यात चालवली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सामान्यांच्या विमा हप्त्यांचा पैसा कुठे जातो, हा प्रश्न धोरणाचाच होता.

प्रश्नाची किंमत दुसऱ्यांनीही ओळखली होती. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यासमोर पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झालेल्या अकरा खासदारांना संसदेने घरी पाठवलं. त्यांत दोघे आपल्या खानदेशातले. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती हकालपट्टी योग्य ठरवली. पैसेवाल्यांना जो प्रश्न विकत घ्यावासा वाटतो, तो मतदाराला फुकट मिळतो, आणि तरीही तो मागत नाही.

कागद कसा लिहावा

लोकसभेच्या नियमांत प्रश्न दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद नको, आरोप नको, उपरोध नको. मंत्र्याचं मत विचारायचं नाही, ‘समजा असं झालं तर’ अशी कल्पनेची शेपूट जोडायची नाही, न्यायप्रविष्ट बाब टाळायची. ही पथ्यं नागरिकाच्या निवेदनालाही लागू करून पाहा. ‘शासनाच्या गलथान कारभारामुळे जनता हवालदिल झाली आहे’ हे वाक्य खोडावं लागेल. त्याऐवजी गावाचं नाव, योजनेचं नाव, मंजुरीची तारीख, आदेशाचा क्रमांक लिहावा लागेल. आमदाराला नेमकं हेच लागतं. सरकारकडे बोट दाखवायला त्यांना दुसरा कुणी नको असतो. हाताशी खात्रीचा तपशील हवा असतो.

वेळही पाहावी. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. दिवसाला वीसच प्रश्न तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे. आणखी दोनशे तीस अतारांकित, लेखी उत्तराचे. राज्यातही प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावे लागतात. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झाल्यावर मोर्चा नेला, तर गाजावाजा होईल, पण प्रश्नांची यादी तोवर छापून झालेली असते. निवेदन द्यायचं ते दिवाळीच्या आत.

आणि आमदार दाद देत नसतील तर? विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे. सदस्यामार्फत नागरिकाचा अर्ज तिच्यापुढे जाऊ शकतो. मंत्र्यांनी सभागृहात ‘कार्यवाही करण्यात येईल’ म्हटलं, की त्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. संसदेत असं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं. आपल्या तालुक्याविषयी कोणतं आश्वासन दिलं गेलं आणि त्याचं पुढे काय झालं, हा अगदी साधा, पण क्वचित विचारला जाणारा प्रश्न आहे.

साहेब, तुमचं मत काय?

आता अवघड भाग. आतापर्यंतचे प्रश्न आमदारामार्फत सरकारला होते. खुद्द आमदाराला विचारायचं असेल तर? ग्रामसभेत सरपंचाला तोंडावर जाब विचारता येतो, ती सभा कायद्यानेच दिली आहे. आमदार-खासदारासाठी तशी सभा कायद्यात नाही. शिवाय बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’ म्हणणारे होय म्हणतात, ‘नाही’ म्हणणारे नाही म्हणतात, आणि कोण काय म्हणालं याची नावनिशीवार नोंद राहत नाही. मतविभाजन झालं, तरी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याच्या धाकाने सदस्य पक्षादेशाबाहेर जात नाहीत.

राज्याच्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचं उदाहरण ताजं आहे. विधिमंडळाच्या संयुक्त समितीने लोकांकडून सूचना मागवल्या आणि बारा हजारांहून अधिक आल्या. म्हणजे लोक गप्प नाहीत; दार उघडलं की येतात. जुलै २०२५ मध्ये विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. आपल्या आमदाराने त्यावर काय म्हटलं, हे किती मतदारांनी त्यांना विचारलं असेल?

दर वर्षी घरोघरी येणाऱ्या कार्य अहवालात पेव्हर ब्लॉक, सभामंडप आणि हायमास्ट दिव्यांचे रंगीत फोटो असतात. त्यातच एक पान मागून घ्यायला हवं : या वर्षी सभागृहात मी विचारलेले प्रश्न, त्यांना मिळालेली उत्तरं, आणि अमुक विधेयकावर मी घेतलेली भूमिका. हे सांगायला कोणताही कायदा आड येत नाही. मागणारा मात्र हवा. सार्वजनिक सभेच्या मुखत्याराला पन्नास सह्या पुरत होत्या. आज एका गल्लीत तेवढ्या जमतात.

पुढच्या वेळी साहेबांकडे जाल तेव्हा डीपीचं सांगाच. पण सोबत एक कागद न्या. त्याच्या शेवटी ‘तरी सहकार्य करावे, ही नम्र विनंती’ असं लिहायची आपली जुनी सवय आहे. त्या जागी लिहा : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि कागदाची पोच घ्यायला विसरू नका.