गिनीपिगचा मुतखडा आणि घरातील आजी-आजोबा

गिनीपिग हा प्राणी गिनी देशाचा नाही आणि डुकराच्या कुळातीलही नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड उतारांवर माणसाने हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला तो एक कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी आहे. आपल्याकडे तो दीर्घकाळ केवळ प्रयोगशाळेतच ठाऊक होता. 'आम्हाला काय गिनीपिग समजलात?' हा प्रश्न आपण आजही विचारतो. अलीकडे मात्र जालना, अंबड, परतूरसारख्या गावांतील घरांतही त्याचा पिंजरा दिसू लागला आहे. तो येतो नातवंडांच्या हौसेपोटी. नातवंडे शाळेला, शिकवणीला निघून गेली की त्याचे दाणापाणी, पिंजऱ्याची सफाई आणि दुखणेखुपणे पाहण्याचे काम बहुधा घरातील ज्येष्ठांकडे येते. या लहानशा जिवाला होणारा सर्वांत त्रासदायक आजार, मूत्राशयातील खडा, म्हणूनच ज्येष्ठांनी नीट समजून घ्यावा.

या आजाराचे मूळ त्याच्या शरीराच्या एका वेगळ्या रीतीत आहे. आपले आतडे अन्नातील कॅल्शियम बव्हंशी गरजेपुरतेच शोषून घेते. गिनीपिगच्या आतड्याला हा संयम नाही. अन्नात जितके कॅल्शियम येईल त्याचा बराचसा भाग रक्तात जातो आणि नको असलेला वाटा मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे निरोगी गिनीपिगची लघवीही थोडी गढूळ, दुधट असते आणि वाळल्यावर पांढरट डाग राहतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु तो डाग बोटांना वाळूसारखा खरखरीत लागू लागला, तर मूत्राशयात चुन्याचा गाळ साचतो आहे असे समजावे. त्याची लघवी मुळातच अल्कधर्मी असल्याने हा गाळ सहज घट्ट होतो आणि त्याचा खडा बनतो. हा खडा बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो.

येथेच एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. घरातील एखाद्या ज्येष्ठाला मुतखडा झालेला असतो आणि त्याच्या पथ्याचा कागद कपाटात असतो. तेच पथ्य गिनीपिगला लावण्याचा मोह होतो, पण दोघांचे खडे भिन्न आहेत. माणसाचा खडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो आणि अशा रुग्णाने आहारातील कॅल्शियम फार तोडू नये असेच डॉक्टर सांगतात. गिनीपिगच्या बाबतीत कॅल्शियमचा अतिरेक टाळणे हाच पहिला उपाय. लघवीची जळजळ थांबावी म्हणून आपण घेतो ते पातळ औषध लघवी अधिक अल्कधर्मी करते. ते स्वतःच्या मनाने त्याला पाजू नये. हुलग्याचे कढण, पानफुटी, गोखरू या घरगुती उपायांचाही येथे भरवसा धरू नये. त्याचा तयार झालेला खडा औषधाने वा पथ्याने विरघळत नाही.

जालन्याच्या परिसरात या आजाराला खतपाणी घालणारी एक गोष्ट अगदी हाताशी असते, ती म्हणजे लसूणघास. दुभत्या जनावराला तो उत्तम. हिरवागार, स्वस्त, बारमाही मिळणारा; गिनीपिगही तो आवडीने खातो. वाढत्या वयाच्या पिलांना आणि गाभण मादीला त्याचा उपयोगही होतो. परंतु सहा-सात महिन्यांवरील प्राण्याला तो रोज घालणे म्हणजे खड्याला आमंत्रण. वाळलेल्या लसूणघासात कॅल्शियम साधारण सव्वा टक्क्याच्या आसपास असते, तर साध्या गवतात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके वा त्याहूनही कमी. दुकानातील 'ससा-गिनीपिग खाद्य' म्हणून मिळणाऱ्या गोळ्याही पुष्कळदा याच घासाच्या असतात. पाकिटावर 'अल्फाल्फा' हा शब्द पहिला छापलेला दिसला, तर तो लसूणघासच आहे हे ओळखावे.

पुष्कळांचा संशय मात्र बोअरच्या पाण्यावर जातो. आपल्या काळ्या पाषाणातले पाणी जड, भांड्यांवर पांढरा थर चढवणारे. मग तेच खडे करत असणार, असा तर्क असतो. हिशेब करून पाहू. किलोभर वजनाचा गिनीपिग दिवसाला सुमारे 100 मिलिलिटर पाणी पितो. लिटरमागे 100 मिलिग्रॅम कॅल्शियम असलेले चांगलेच जड पाणी धरले, तरी त्याच्या पोटात 10 मिलिग्रॅम जाते. वीस ग्रॅम वाळक्या लसूणघासातून मात्र सुमारे अडीचशे मिलिग्रॅम जाते. तेव्हा पाण्याच्या जातीपेक्षा पाणी पोटात किती जाते हे महत्त्वाचे. पाणी कमी पडले की लघवी दाटते आणि गाळ बसतो. रोज ताजे पाणी भरावे, बाटलीची नळी तुंबली नाही ना हे बोट लावून पाहावे, शेजारी एक जड, उथळ मातीचे भांडेही ठेवावे. पालेभाजी धुऊन ओलीच दिली तर तेवढेच पाणी आणखी जाते.

आहाराचा मोठा भाग वाळक्या गवताचाच हवा. परदेशी टिमोथी गवत मागवणे सर्वांना परवडत नाही. हरळी, मारवेल यांसारखे बारीक गवत सावलीत वाळवून देता येते. त्यात कुसळ नको, ते तोंडात रुतून जखमा करते. कपाशी-सोयाबीनच्या बांधावरचे गवत आणताना तिथे तणनाशक वा कीटकनाशक फवारले होते का, हे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आणू नये. भाज्यांत मेथी, शेवग्याचा पाला, राजगिरा आणि कढीपत्ता यांत कॅल्शियम पुष्कळ असते. ती आपल्या ताटात शोभतात, त्याच्या वाडग्यात क्वचितच. पालकही टाळावा, कारण त्यात ऑक्झलेट फार. माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. त्यासाठी ढोबळी मिरचीची एक फोड रोज द्यावी. तिच्यात क जीवनसत्त्व भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. पेरूची लहानशी चकती आठवड्यातून एकदोनदा पुरे.

आजार ओळखण्याचे काम सावकाश निरीक्षण करणाऱ्या माणसाचे आहे आणि ते ज्येष्ठांइतके कोणाला जमणार? ज्यांनी बैलजोडी सांभाळली आहे, त्यांना लघवी तुंबलेल्या बैलाची उभी राहण्याची ढब आठवत असेल: पाठ कमानदार, शेपटी वर, सतत कुंथणे आणि थेंब थेंब गळणे. गिनीपिगचे चित्र थोडेफार तसेच, फक्त वितभर आकाराचे. तो अंग चोरून, केस पिंजारून बसतो. लघवी वा लेंडी करताना बारीक किंचाळतो. मागचा भाग ओला राहतो, त्याला उग्र वास येतो. पिंजऱ्यात जुन्या पांढऱ्या धोतराचा किंवा सुती कापडाचा तुकडा अंथरला तर रंग चटकन दिसतो. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होऊ शकते आणि वाळताना ती तांबूस पडते, हेही लक्षात असावे. शंका आल्यास डॉक्टर तपासणी-पट्टीने रक्ताचा निकाल लगेच लावतात. मादीच्या बाबतीत रक्त गर्भाशयातूनही येऊ शकते, म्हणून अंदाजाने औषध नको.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहावे. प्रौढ गिनीपिग साधारण 700 ते 1200 ग्रॅमचा असतो. आठवड्यात 50 ग्रॅमहून अधिक घट झाली तर तो वरकरणी हुंदडत असला तरी दाखवावा, कारण हा प्राणी दुखणे लपवण्यात पटाईत आहे. नर काही तास कुंथतो आहे आणि लघवीचा थेंबही येत नाही, अशी वेळ आली तर 'उद्या सकाळी पाहू' म्हणू नये. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडा अडकला की जीव वाचवायला फार वेळ हाती राहत नाही.

दाखवायचे कोठे? आपल्याकडील पशुवैद्यकीय दवाखान्यांचा रोजचा व्यवहार गाय, म्हैस, शेळीचा. तरीही लघवीची तपासणी, वेदनाशामक औषध आणि क्ष-किरण चित्रासाठी योग्य सल्ला तेथून मिळू शकतो. कॅल्शियमचा खडा क्ष-किरणात स्पष्ट दिसतो. शस्त्रक्रियेसाठी मात्र लहान प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर हवा. त्याकरिता छत्रपती संभाजीनगर गाठावे किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करावी. निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून 'गिनीपिगला भूल देण्याचा अनुभव आहे का?' एवढा प्रश्न निःसंकोच विचारावा. प्रवास सकाळच्या गारव्यात करावा आणि टोपलीत गवत व काकडीची फोड असू द्यावी. माणसाच्या शस्त्रक्रियेप्रमाणे याला रात्रभर उपाशी ठेवायचे नसते. त्याचे आतडे रिकामे राहिले की थांबते, आणि तोच नवा आजार होतो.

औषधांबाबत एक इशारा ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिनसारख्या पेनिसिलिन गटातील औषधाचा अंशही त्याला पाजू नये. त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू त्याने मरतात, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. त्याला चालणारी प्रतिजैविके वेगळी आहेत. ती डॉक्टरच ठरवतील.

मादीचा मूत्रमार्ग रुंद असल्याने लहान खडा कधीकधी भुलीखाली चिमट्याने काढता येतो. एरवी मूत्राशय उघडावे लागते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी काही महिन्यांत पुन्हा खडा होणारे प्राणी बरेच असतात, हे आधी ऐकून ठेवावे. येथे घराला अवघड निर्णय घ्यावा लागतो. गिनीपिगचे आयुष्य पाच ते आठ वर्षांचे. सहा वर्षांच्या, खंगलेल्या प्राण्याला दुसऱ्यांदा भूल द्यावी की वेदनाशामक देऊन उरलेले दिवस सुखाचे करावेत, आणि वेदना आवरेनाशी झाली तर डॉक्टरांच्या हातून त्याला शांतपणे जाऊ द्यावे, याचे एकच उत्तर नाही. पैशाचा विचार करणे हा निर्दयपणा नव्हे. मात्र नातवंडाला अंधारात ठेवून 'तो शेतावर गेला' असे सांगणे मला योग्य वाटत नाही. मुलांना खरे कळते आणि फसवले गेल्याचेही कळते.

आपल्या हवामानाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. पारा 40 अंशांवर जाणारा आपला वैशाख या थंड डोंगरी प्राण्याला मानवत नाही; तिशीच्या पुढेच त्याला उष्माघाताचा धोका सुरू होतो. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर त्याला ठेवू नये. कूलरच्या खोलीत, पण थेट झोताबाहेर जागा द्यावी. गार फरशीचा तुकडा आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी असावी. एवढी सोय नसेल त्या घराने हा प्राणी आणूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

सांभाळणाऱ्याने स्वतःकडेही पाहावे. पिंजरा जमिनीवर न ठेवता कमरेइतक्या उंच टेबलावर ठेवला की गुडघे आणि कंबर वाचते. ओले अंथरूण रोज काढावे. लघवीचा अमोनिया त्याच्या श्वासाला आणि आपल्या दम्यालाही बाधतो. गिनीपिगपासून गजकर्ण माणसाला होऊ शकते, म्हणून हात साबणाने धुवावेत. कर्करोगाचे औषधोपचार किंवा स्टेरॉइडची मोठी मात्रा चालू असलेल्यांनी सफाईचे काम घरातील दुसऱ्यावर सोपवावे. खड्याची शस्त्रक्रिया झालेल्या प्राण्याचे क्ष-किरण चित्र दर तीन-चार महिन्यांनी काढून घेण्यास डॉक्टर सांगतात. ती तारीख घरातील रक्तदाबाच्या तपासणीच्या तारखेशेजारीच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.