कोकमाचा उपमा आणि पांढऱ्या वाइनचा पेला

अमेरिकेतल्या ‘टॉप शेफ मास्टर्स’ या स्पर्धेचं २०११ सालचं विजेतेपद मुंबईकर फ्लॉइड कार्डोझ यांनी मिळवलं आणि त्यांच्या अंतिम फेरीतल्या जेवणात होता चक्क उपमा. रानातली अळिंबी, कोकम आणि नारळाचं दूध घातलेला. जबलपूरच्या मराठी घरांत रविवारच्या न्याहारीला होणारा पदार्थ तिकडे परीक्षकांच्या पानात गेला.

लेकाकडे किंवा सुनेच्या माहेरी म्हणून परदेशी गेलेल्या जबलपूरकरांपुढे आता असे पदार्थ सर्रास येतात. ओळखीच्या जिनसा, अनोळखी मांडणी आणि हातात वाइनची लांबलचक यादी. गोंधळ तिथे होतो, कारण आपण पदार्थाचं नाव वाचून वाइन निवडतो. उपम्यात निवाडा रव्याने करायचा नसतो, कोकमाने करायचा असतो. वाइन पदार्थापेक्षा कमी आंबट असली की ती पाणचट लागते, म्हणून कोकम, चिंच, कच्ची कैरी दिसली की धारदार आंबटपणाची पांढरी वाइन मागावी. नारळाच्या दुधाचा स्निग्धपणाही तीच कापते. लाकडी पिंपात मुरवलेली जड शार्दने इथे बिचारी मागे पडते.

तिखटाचं प्रकरण मात्र जरा खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला डिवचतं, तोच संवेदक उष्णताही ओळखतो. एरवी तो साधारण ४२ अंश सेल्सियसला जागा होतो. अल्कोहोल असेल तर ३४ अंशांच्या आसपासच जागा होतो, असं २००२ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे शरीराची नेहमीची ऊबसुद्धा त्याला चटका वाटते. ठेच्याच्या जातीची चटणी ताटलीत असेल तर १४ टक्के अल्कोहोलची वाइन आग वाढवणारच. त्यापेक्षा जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली ‘काबिनेट’ रीसलिंग ही पांढरी वाइन मागवावी. तिच्यात अल्कोहोल बहुधा आठ-नऊ टक्के, आंबटपणा भरपूर आणि थोडी उरलेली साखर. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला हा तोल समजावून सांगावा लागत नाही. फक्त बाटलीवर ‘ट्रोकन’ हा शब्द आहे का, ते बघावं. तो असेल तर वाइन कोरडी, गोडवा जवळपास नाही.

आता मटार. पाटण-शहपुऱ्याकडून हिवाळ्यात जबलपूरच्या मंडईत येणाऱ्या मटाराचा एवढा बोलबाला की मध्य प्रदेशाने ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत या जिल्ह्यासाठी तोच निवडला. कोवळी शेंग सोलताना बोटांना जो हिरवा, कच्चा वास लागतो, तो मेथॉक्सिपायराझिन नावाच्या संयुगांचा. ढोबळी मिरचीत तीच, आणि सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षातही तीच! परदेशातल्या एखाद्या शेफने मटाराचं गार सूप पुदिन्याच्या तेलासोबत वाढलं, तर न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लां डोळे मिटून मागवावी. ऑस्ट्रियाची ग्रूनर वेल्टलिनरही हिरव्या भाज्यांशी छान जमते.

बँकॉकच्या ‘गा’ या रेस्तराँमध्ये शेफ गरिमा अरोरा कोवळा फणस रोटी आणि लोणच्यांसोबत देतात. मुंबईत वाढलेल्या गरिमा २०१८ साली मिशेलिन तारा मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. फणस स्वभावाने सौम्य. खरी कसोटी लोणच्यांची, कारण मीठ, आंबट आणि तिखट तिथे एकदम येतं. गुलाब आणि लिचीचा वास असलेली गेवुर्झट्रामिनर भारतीय मसाल्यांसाठी सरसकट सुचवली जाते, पण तिचा आंबटपणा कमी असल्याने लोणच्यापुढे ती ढिली पडते. इथेही किंचित गोड रीसलिंगच बरी. अख्खी बाटली न मागवता पेला मागवावा आणि ‘यातली चटणी किती आंबट, किती तिखट?’ एवढं वाढणाऱ्याला बिनदिक्कत विचारावं. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा आनंदच होतो.

शाकाहारी मंडळींनी आणखी एक विचारावं. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो नंतर काढून टाकतात, पण नियम पाळणाऱ्याला हे माहीत असायला हवं. बेंटोनाइट मातीने नितळ केलेल्या वाइनही मिळतात. ‘व्हीगन’ लिहिलेली बाटली मागितली की प्रश्न मिटतो.

या सगळ्याची तयारी परदेशातच करायला हवी असं नाही. १८७० साली जबलपुरात मुंबई आणि कलकत्त्याचे लोहमार्ग जुळले. त्याच मार्गाने मुंबईकडे जाणाऱ्या कित्येक गाड्या नाशिक रोडला थांबतात. राजीव सामंत यांच्या नाशकातल्याच सुला कंपनीने २००० साली पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यात सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या होत्या. विमान मुंबईहून असेल तर वाटेत एक दिवस नाशकात उतरावं, दोन्हींचे छोटे पेले शेजारी ठेवावेत आणि मटार उसळीचा एकेक घास घेऊन आळीपाळीने चाखावेत. त्यात थोडी हिरवी मिरची वाढवून पुन्हा चाखलं की गोडसर शेनिन आणि कोरडी सोव्हिन्यों यांतला फरक जिभेवर लख्ख कळतो.