डिस्क भरली, साईट चालू ठेवा!

होस्टिंग सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली की तक्रारी वेगवेगळ्या रूपांत येतात. एकाची मेल येईना, दुसऱ्याला फोटो चढवता येईना, तिसऱ्याच्या ऑनलाइन दुकानात ऑर्डर अडकलेली. सर्व्हर सांभाळणारा मात्र रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याने, आत शिरतो आणि त्याची फाइल बिनबोभाट तयार होते. ईएक्सटी-४ पद्धतीच्या डिस्कवर साधारण 5 टक्के जागा रूटसाठी राखीव असते, हे तेव्हा आठवलं तर बरं.

उपाय सरळ दिसतो. दुसरी डिस्क लावायची, ऑपरेटिंग सिस्टीम जुनीवरच ठेवायची आणि ग्राहकांच्या फाइल्स व डेटाबेस नवीवर हलवायचे. लिनक्सवर डिस्कला सी, डी अशी अक्षरं नसतात. नवी डिस्क आहे त्याच फोल्डरच्या जागी 'माउंट' करता येते. फाइल्सचे पत्ते तेच राहतात आणि वेबसाईटला बदलाचा पत्ताही लागत नाही.

हलवण्याचं काम बहुतेक जण आरसिंकवर सोपवतात. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये आणलेला हा प्रोग्राम. त्याची खरी मजा दुसऱ्या फेरीत आहे. पहिली फेरी साईट चालू असतानाच मारायची, मग ती रात्रभर का चालेना. नंतर सेवा थांबवून दुसरी फेरी. तिच्यात फक्त मधल्या काळात बदललेल्या फाइल्स जातात, त्यामुळे साईट थोडाच वेळ बंद राहतात. डेटाबेस थांबवायचा कंटाळा मात्र करू नये. चालू मायएसक्यूएलच्या फाइल्स तशाच उचलल्या, तर एक फाइल आधीच्या क्षणाची आणि दुसरी नंतरची येते, आणि नव्या जागी तो डेटाबेस उघडेलच याची खात्री नाही.

आरसिंकची आणखी एक खोड: मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, विसरली तर फोल्डरच उचलून जातो. मग 'होम'च्या आत आणखी एक 'होम' सापडतं.

कोणती डिस्क कुठे माउंट करायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये नव्या डिस्कची नोंद तिच्या यूयूआयडीने, म्हणजे स्वतंत्र ओळखक्रमांकाने, करावी. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात.

जुना डेटा पुसण्याची घाई सर्वांत महागात पडते. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेच्या एका अभियंत्याने डेटाबेसचं फोल्डर चुकीच्या सर्व्हरवर पुसायला घेतलं. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचारच जीबी उरले होते. नेहमीचे बॅकअप कामाचे निघाले नाहीत. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती होती. त्यानंतरचा डेटाबेसमधला बदल गेला तो गेलाच.

म्हणून जुन्या फोल्डरचं आधी फक्त नाव बदला, सर्व्हर एकदा रीबूट करा, साईट आणि मेल तपासा, आणि मगच ते पुसा. नाव न बदलता त्यावरच नवी डिस्क माउंट केली, तर जुना डेटा दिसेनासा होतो, पण पहिली डिस्क भरलेलीच राहते.