काचेवर डिंकाचं छायाचित्र

नवेगाव बांधच्या जंगलात धावड्याच्या सालीवर डिंकाचे पिवळसर खडे साकळतात. बाभूळवर्गीय झाडांच्या डिंकातून तर छायाचित्रही उमटतं. डिंकाच्या पाण्यात जलरंग आणि पोटॅशियम डायक्रोमेट मिसळायचं, कागदावर थर द्यायचा, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. अतिनील किरणांमुळे क्रोमियम डिंकाचे रेणू एकमेकांत गुंफतं. ऊन लागलेला तेवढा भाग टिकतो, बाकीचा पाण्यात धुऊन जातो. अल्फॉन्स प्वातव्हँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १८५५ मध्ये ही वाट दाखवली.

कागदाच्या तंतूंत थर रुततो. गुळगुळीत काचेवरून मात्र धुताना अख्खं चित्र पापुद्र्यासारखं सुटतं. म्हणून काच तेलकटपणा जाईपर्यंत घासायची, मग क्रोम ॲलमनं कडक केलेल्या जिलेटिनचं पातळ अस्तर द्यायचं. खरं कसब या अस्तरातच आहे. डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक. हातमोजे हवेतच, आणि धुवणाचं पाणी तलावा-नाल्यात जाता कामा नये.