मास्क लावून धावल्यानं स्टॅमिना वाढत नाही

आपल्या वस्तीतली पोरं-पोरी पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर घाम गाळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. काही जण मास्क लावून धावतात. विचारलं तर म्हणतात, "ताई, यानं स्टॅमिना वाढतो." नर्स म्हणून सांगते, हा गैरसमज आहे.

साध्या मास्कमुळे निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन फारसा कमी होत नाही. कोरोनात आम्ही अख्खी ड्युटी मास्क लावूनच केली. मग धावताना जीव का घाबरतो? वेगात धावताना मास्कमधून हवा ओढायला जास्त जोर लागतो. आत गरम, दमट हवा साचते, चेहरा तापतो. तेवढ्याच मेहनतीत थकवा जास्त जाणवतो. श्वास कोंडल्यासारखं वाटून मन घाबरतं, मग श्वास उथळ आणि भराभर होतो. घामानं मास्क भिजला की त्रास आणखी वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं होतं, की व्यायाम करताना मास्क नको, एकमेकांत अंतर ठेवा.

स्टॅमिना वाढतो तो रोजच्या सरावानं, हळूहळू अंतर वाढवल्यानं, सकस जेवणानं आणि पुरेशा झोपेनं.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. विदर्भात आणि आपल्या समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. 'एएस' म्हणजे वाहक असलेल्याला एरवी सहसा त्रास नसतो. पण नागपूरच्या उन्हात, पाणी न पिता, जीव तोडून धावलं तर तो कोसळू शकतो. एएस निघालं म्हणून धावणं सोडू नका. भरपूर पाणी प्या, मधे मधे थांबा, उन्हाच्या आधी सराव संपवा. 'एसएस' असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सराव नको. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. भरतीला उतरणाऱ्या प्रत्येक लेकराची आधी करून घ्या.

धावताना चक्कर आली, छातीत दुखलं, मांड्या-पिंढऱ्यांत कळा आल्या, तर लगेच थांबा. मास्क काढा, सावलीत बसा, पाणी प्या. बरं वाटलं नाही तर तडक दवाखाना गाठा.

मोकळ्या मैदानात मास्क खिशात ठेवा. टीबी रुग्णाजवळ, दवाखान्यात, गर्दीत तो जरूर लावा. खोकला-ताप असेल त्या दिवशी मात्र धावूच नका. एका दिवसाच्या सुट्टीनं भरती हुकत नाही.

जयभीम!